कोपेर्तो

त्रिएस्तेत फेब्रुवारीतला वारा
माणसाला विचारून वाहत नाही.
बंदरावरून हॉटेलकडे निघाले होते मी,
त्याने मधेच एका गल्लीत वळवलं
आणि काचेच्या दारावर नेऊन सोडलं.
आत सहा टेबलं. पाच भरलेली.

दिवसभर भिजलेल्या कॉफीची पोती मोजली होती.
तीनशे बारा, त्यातली एकशे चाळीस बुरसटलेली.
विमा कंपनीला नुकसान आकड्यात लागतं,
वासाला रकाना नसतो.
वास माझ्या कोटाला होता.

मालकीणबाईंनी कोट घेतला, हुंगला,
आणि काही न बोलता इतरांच्या कोटांपासून
हातभर लांब टांगला.
नेरीना त्यांचं नाव, हे नंतर कळलं.
सत्तरीच्या, चष्मा दोरीला,
मेनूकार्ड वगैरे काही नाही,
फक्त फळ्याकडे बोट.
फळ्यावरचं मला एकच वाचता आलं, स्पॅगेटी.
पुढचा शब्द ताटात आल्यावर समजला:
तिसऱ्या!
उघड्या तोंडाच्या, लसणात न्हालेल्या.
लहानपणापासून खातेय,
पण पहिल्या दोघी कोण
हे घरी कधी कुणी सांगितलं नाही.

मी चीज मागितलं.
शेजारच्या म्हाताऱ्याचा चमचा
सूप आणि मिशी यांच्या मधोमध थांबला.
कुणाच्या देवघरात चपला घालून शिरावं
तशी शांतता.
"नो," नेरीनाबाई म्हणाल्या,
आणि पावाची टोपली जरा माझ्याकडे सरकवली,
शिक्षा आणि समजूत एकाच हाताने.

मग मी तिखट मागितलं. शब्द येत नव्हता.
जीभ बाहेर काढून हाताने वारा घातला.
म्हातारा हसला. बाई आत गेल्या.
आतून जो आला त्याच्या हातावर पीठ होतं
आणि तोंडात हिंदी, माझ्याइतकीच मोडकी.
शफीकुल. गाव किशोरगंजकडे.
आधी जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग,
डोळे बिघडले म्हणून मग इथे, अकरा वर्षं.
बशीत एक हिरवी मिरची,
उभी चिरलेली, ऑपरेशन केल्यासारखी.
"खिडकीत लावलीय. टोमॅटोच्या डब्यात."

आता खरं सांगायचं तर
तोवर मला ती नको झाली होती.
तिसऱ्यांच्या रश्शात लिंबू होतं, समुद्र होता,
आणखी कशाची जागाच नव्हती.
पण तो उभा होता, पीठ झाडत.
अर्धी खाल्ली.
डोळ्यांत पाणी आलं. त्याला समाधान वाटलं.

"तू खातोस रोज?"
"छे. पित्त. डॉक्टरने बंद केलीय चार वर्षांपासून."
"मग लावतोस कशाला?"
थोडा वेळ तो खिडकीकडे बघत राहिला.
"सकाळी आल्या आल्या
कशाला तरी पाणी घातलेलं बरं असतं."
"आणि मिरच्या लागतात त्या?"
"लागतात. संपतात पण.
कोण नेतं ते मी विचारत नाही."

बिलावर सगळ्यात वर लिहिलं होतं: कोपेर्तो, अडीच युरो.
हे कशाचे? मी त्यालाच हाक मारली.
"बसण्याचे," तो म्हणाला. "पाव, चादर, काटे-चमचे.
म्हणजे बसण्याचेच."
मिरचीचे बिलात कुठेच नव्हते.
आयुष्यभर मी लोकांचं नुकसान मोजत आले,
नुसतं बसू दिल्याचा हिशेब
पहिल्यांदाच हातात आला होता.
स्वस्त वाटला.

कोट घेतला. त्याला आता लसणाचा वास.
बाहेर वाऱ्याशी झटत बटणं लावत होते,
तेवढ्यात काचेतून दिसलं:
नेरीनाबाई माझं टेबल आवरताहेत.
त्यांनी म्हाताऱ्याकडे पाठ केली,
स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं,
बशीतली उरलेली अर्धी मिरची उचलली
आणि चष्म्यासकट डोळे मिटून घेतले.